बन्सी, मडकं फोडलं

सन एकोणीसशे पंचेचाळीस. मला तेव्हा एकसष्टावं चालू होतं, अन् तुला बी तेवढंच. हा सनाचा आकडा तुझ्या पद्धतीनं लिहिला. निजाम सरकारच्या दप्तरात फसली सन चालतो अन् मला तोच कळतो. पण तू दुकानाच्या भिंतीला इंग्रजी कॅलेंडर टांगायचास अन् म्हणायचास, "खंड्या, जग ह्या आकड्यानं चालतं भाया." म्हणून तुझ्यापुरता तुझा आकडा. बाकी मी माझ्याच चालीनं चालणार.

तुला जाऊन दीड महिनाही झाला न्हाई. तुझ्या बाराव्याला नव्या जालन्याहून तुमचे मारवाडी सोयरे आले, अंबडचे वकील आले, सगळे बोलले. शेठ असे दिलदार, शेठ असे शांत. शांत म्हणे. मी मागं खांबाला टेकून ऐकत होतो. कुणीतरी म्हणालं, खंडूआबा, तुम्ही बी दोन शब्द बोला. मी मान हलवली. मला साठ वर्षं तुझ्याशी बोलायची सवय. तुझ्याविषयी बोलायची सवय कुठून आणू?

मी पंतोजीपुढं दोन पावसाळे बसलेला माणूस. माझं अक्षर म्हणजे ओल्या वावरातून गेलेली गाडी. तरी लिहून राह्यलो, कारण मडक्याचं काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. अन् तू मला एक सवाल विचारला होतास, त्याचा जबाब बी द्यायचा राहिला. ह्यात मी कुठं माफी मागीन अशी वाट बघू नको.

ज्यांना आपलं गाव ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी आधी मानाचं सांगतो. पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल सजवून वेशीत उभे राहतात अन् रांगेनं मारुतीच्या पाराकडं निघतात. पारापुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्याखालून पहिली जोडी जाते ती आमची. माझ्या पणज्याच्या बैलांनी ह्या गावच्या शिवारात नांगराचं पहिलं तास ओढलं, म्हणून हा मान. आमच्या घरी पितळी घुंगरांची एक घागरमाळ हाय. ती मानाच्या बैलाच्या गळ्यात. माझ्या बापानं मरताना वावराचं काही सांगितलं न्हाई, घागरमाळ कुठल्या खुंटीला हाय ते सांगितलं.

अन् रांगेच्या शेवटाला मांगवाड्यातल्या लखूची जोडी. गावातल्या एकूणएक बैलाची वेसण, कासरा, दोर लखूच्या हातचा. पण त्याचे बैल पारापाशी पोचेपर्यंत तोरण उतरलेलं असायचं. हलगी वाजवणारे त्याच्याच भावकीतले, पण त्याची जोडी येईस्तोवर त्यांचे हात मोडून आलेले असायचे. हे मी साठ वर्षं बघितलं. बघितलं म्हणजे मागं वळून बघितलं न्हाई, कारण पहिला चालणारा वळत नसतो.

त्या वर्षी आषाढात आपण तुझा माल आणायला नव्या जालन्याला गेल्तो. गाडी माझी, बैल माझे, बडबड तुझी. ठेसनाजवळ तुझ्या साडूची कपाशीची पेढी. तिथं तो लाकडी पेटीचा रेडिओ. त्याच्यापुढं आडते, हमाल, दोनचार गिऱ्हाईकं कान देऊन बसलेले. लंडनहून हिंदुस्थानीत बातमी सांगून राह्यले होते की विलायतेत पार्लमेंटसाठी मतं पडली, पण पेट्या तीन आठवडे उघडायच्या न्हाईत.

मी तुला विचारलं, "लढाई संपली न्हाई अन् मत कशाचं? जर्मन पडला, पण जपान उभा हाय. माझा पोरगा मारुती तिकडं ब्रह्मदेशात लढून राह्यलाय. अन् ह्यांनी मधीच हे काय काढलं?"

"लढाईपायी दहा वर्षं तिथं मत पडलं नव्हतं," तू म्हणालास. "लोक किती थांबतील?"

"अन् पेट्या का बंद?"

"फौजेतले लोक जगभर पांगलेत. त्यांच्या चिठ्ठ्या यायच्यात. लढणाऱ्याचं मत आल्याशिवाय पेटी उघडायची कशी?"

"तीन आठवडे बंद पेटी? उंदीर-घुशी चिठ्ठ्या खाऊन टाकतील. अन् उंदरानं सोडल्या तर पाटील खाईल."

हमाल हसले. तू म्हणालास, "विलायतेत पाटील नसतो."

"पाटील सगळीकडं असतो. तिकडं टोपी घालत असंल."

मंग तू त्या वजिराचं सांगायला लागलास, त्या जाड्या, चिरूट ओढणाऱ्या म्हाताऱ्याचं. त्याचं नाव मला कधी नीट घेता आलं न्हाई अन् आता घेत बी न्हाई. तू म्हणालास, तो हरू शकतो. मला हसू आलं. ज्यानं सगळी लढाई खांद्यावर ओढली, लंडनवर आकाशातून आग पडून राह्यली होती तेव्हा जो हलला न्हाई, त्याला त्याचेच लोक काढतील?

"काढतील बी," तू म्हणालास.

"अरे, नांगर ओढून वावर तयार करणाऱ्या बैलाला पेरणीच्या दिवशी कुणी कसायाला देतं का?"

"कसायाला कोण देतंय? गोठ्यात बांधतील. दुसरी जोडी जुंपतील. खंड्या, सालदार नांगराला चांगला हाय म्हणून तू त्याला पोरीचं लग्न जमवायला धाडतोस का? लढाईचं काम येगळं, घराचं येगळं."

पेढीवरचे सगळे आता आपल्याकडं बघत होते. मला तुझा तो गुळगुळीत आवाज सहन झाला न्हाई. मी म्हणालो, "तो म्हातारा हरला तर पोळ्याचा मान मी गावाच्या हवाली करतो. जा."

तू लगेच उठलास. "ऐकलं का सगळ्यांनी? आडतदादा, तुम्ही ऐकलं? हमालहो, तुम्ही?" मारवाड्याचा पोर. शब्द जमिनीवर पडू दिला न्हाईस.

निकालाच्या दिवशी मला जालन्याला जायचं काही काम नव्हतं. बैलांच्या खुरांना पत्र्या मारायच्यात असं घरी सांगून गाडी जुंपली. कारभारीण म्हणाली, "मागच्या महिन्यात मारल्या की. बैल चालून राह्यलेत का नाचून?" तू वाटेत माझ्या शेजारी बसून गप्प होतास. तू गप्प असलास की मला जास्त भ्या वाटायचं.

पेढीवर गर्दी होती. रेडिओ खरखरत होता. बातमीवाल्यानं सांगितलं अन् तुझ्या साडूनं दुसऱ्यांदा समजावून सांगितलं की म्हाताऱ्याचा पक्ष हरला, मजुरांचा पक्ष आला, खाणीत कोळसा खणणाऱ्यांनी अन् गिरणीत राबणाऱ्यांनी आपली माणसं निवडली. कुणीतरी माझ्याकडं बघून खाकरलं. तू माझ्याकडं बघितलं बी न्हाईस. नुसतं म्हणालास, "चल, बैल जुंप. ऊन उतरलं."

अंबडच्या रस्त्याला लागल्यावर मीच विचारलं, "मंग त्यानं काय केलं? त्या म्हाताऱ्यानं?"

"काय करणार? राजाकडं गेला, राजीनामा ठेवला."

"कधी?"

"त्याच सांजेला."

"फौज कुणाच्या हातात होती?"

"त्याच्याच."

"तोफा, इमानं?"

"सगळं त्याच्याच हुकमात."

"मंग?"

"मंग काय. उठला अन् गेला."

मी बैलाचं शेपूट पिरगाळलं. त्याची काही गलती नव्हती. मला वाटलं होतं तू हसशील, टाळी मागशील. तू नुसता वाटेकडं बघत म्हणालास, "त्याचं हरणं मोठं न्हाई रे. उठून जाणं मोठं हाय." मी म्हणालो, "ते लोक नमकहराम हायेत." तू म्हणालास, "असतील." अन् दुधना नदी येईस्तोवर मी नुसते बैल हाकत राह्यलो.

बन्सी, हे भांडण अजून मिटलेलं न्हाई. तो माणूस हरायला नको होता हे माझं मत आजबी कायम हाय. तू मेलास म्हणून मी ते बदलणार न्हाई.

मान गावाच्या हवाली करायचा म्हणजे काय, ते तूच ठरवलंस. पाटील तर घाबरला. म्हणाला, निजाम सरकारच्या राज्यात लोकांनी मत टाकायला परवानगी हाय का ते आधी विचारू. तू म्हणालास, "पाटील, हे बैलांचं हाय, सरकारचं न्हाई. सरकारच्या गळ्यात कोण घागरमाळ घालून राह्यलंय?" मंग पाटील हसला अन् फसला.

तुझी रीत अशी. कोरं मडकं, तोंडाला माती लिंपलेली, वर बोटाएवढं भोक. दर उंबऱ्याला एक मत, मांगवाड्याच्या उंबऱ्यांना बी. घरधन्यानं ज्वारीचा एक दाणा अन् एक सरकी मुठीत घेऊन घोंगडीआड जायचं. ज्वारी टाकली तर मान हाय तिथंच राहणार. सरकी टाकली तर पाळी लागणार, दरसाल नवं घर, अन् पाळी रांगेच्या शेवटापासून सुरू. म्हणजे लखूपासून. हे ऐकून माझा चुलतभाऊ केरबा उठून उभा राह्यला, पण मी त्याला खाली बसवलं. शब्द मी दिला होता, त्यानं न्हाई.

दाणे कुणाचे कोणते, हे मी निवडलं होतं. तू विचारलंस, तुझ्या बाजूला काय ठेवू? मी म्हणालो, "ज्वारी माझी. ज्वारी माणूस खातो. सरकी ढोरं खातात." मला तेव्हा ते मोठं बोलणं वाटलं होतं.

उरलेला दाणा खिशात घालून घरी न्यायचा असं तू सांगितलंस, म्हणजे कुणाला काही कळणार न्हाई. इथं तुझं विलायती डोकं बिलकुल चाललं न्हाई. सांजेला घरोघर बायकांनी बंड्या धुवायला काढल्या अन् खिसे उलटे केले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या गावाचा निकाल लागला. मी कारभारणीला म्हणालो, "काय म्हणतात विहिरीवर?" ती म्हणाली, "पेटी बंद हाय न्हवं? मंग बंद." तू घरी आलास तेव्हा तिला चिडवायला म्हणालास, "वहिनी, विलायतेत बाया बी मत टाकतात." तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, "टाकू द्या त्यांना. आम्ही खिसे बघतो."

मी तिला परत कधी विचारलं न्हाई. तिनंही कधी सांगितलं न्हाई. एवढं खरं की त्या दिवसापासून तिनं माझ्या ताटात भाकरी जरा मायेनं वाढायला सुरुवात केली. त्यावरून मला काय कळायचं ते कळत होतं अन् मी ते कळून घेत नव्हतो.

मडकं त्याच पोळ्याला फोडायचं होतं. तेव्हा तूच आडवा आलास. गावात दोन उंबऱ्यांना कुलूप होतं. एक माझ्या मारुतीचा, तो माझ्याशी भांडून येगळी चूल मांडून मंग फौजेत गेल्ता. दुसरा लखूच्या धाकट्या भावाचा, तो बी लढाईवर. जपान तोपर्यंत पडला होता, पण ही दोघं घरी आली नव्हती. तू म्हणालास, "लढणाऱ्याचं मत आल्याशिवाय मडकं फोडायचं न्हाई. तिकडं फोडलं न्हाई, इथं बी न्हाई." केरबा म्हणाला, "अन् आले न्हाईत तर?" तू माझ्याकडं बघून हळूच म्हणालास, "येतील. मडकं त्यांची वाट बघतंय, म्हणजे त्यांना यावं लागंल."

बन्सी, त्या वर्षभरात गावात माझ्या पोराचं नाव दुसरं कुणी काढत नव्हतं. काढलं तर मीच डोळे वटारायचो. पण पाराजवळून जाताना मारुतीच्या देवळात कोनाड्यात ते मडकं दिसायचं अन् मला वाटायचं, माझ्या पोराची इथं कुणीतरी वाट बघून राह्यलंय. हे मी तुला सांगितलं न्हाई. आता सांगतो.

अन् अंबडच्या ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, आल्ता ते तुला आठवत असंल. कुणीतरी चुगली केली होती की मारवाडी शेठ गावात इलेक्शन करून राह्यलाय. अमीन घोड्यावरून उतरला, मडक्यापुढं उभा राह्यला अन् छडीनं टकटक केलं. तुझं तोंड पांढरं पडलं होतं. केरबा माझ्या कानात म्हणाला, "आबा, आता बोल. एका शब्दात मडकं जातं."

अमीन म्हणाला, "ये क्या है?"

मी पुढं झालो. "मन्नत का घडा है, साब."

"किसकी मन्नत?"

"मेरी. लडका लाम पे है, लडाई पे. आने तक मुँह नहीं खोलना."

अमीन माझ्याकडं बघत राह्यला, मंग त्यानं छडी काखेत मारली अन् चहा मागितला. तो गेल्यावर तू म्हणालास, "खोटं बोललास." मी म्हणालो, "एक शब्द बी खोटा न्हाई." अन् खरंच नव्हता.

उन्हाळ्यात दोघंही आले. लखूचा भाऊ आधी, मारुती मागून, काळा ठिक्कर पडलेला, पायात सरकारी बूट. वेशीतून आला तो माझ्याकडं न येता आधी पाराकडं गेला, कारण तुझा निरोप त्याला ठेसनावरच मिळाला होता. घोंगडीआड गेला, दाणा टाकला, बाहेर आला अन् मंग माझ्या पाया पडला. त्यानं काय टाकलं ते मी विचारलं न्हाई. विचारणार बी न्हाई. आमची दोघांची चूल येगळी ती येगळीच हाय, पण आता दोन्ही चुलींचा धूर एकाच बाजूला जातो, एवढं बरं.

मंग तू पडलास. दम लागायचा, बोलताना मधी थांबायचास. दुकानाच्या मागच्या खोलीत गादीवर तू अन् उशाला तेच कॅलेंडर. पोळा जवळ आला होता. मी रोज येऊन बसायचो, तुझ्या घरचे मला शेठाणीच्या हातचा तो गोड चहा पाजायचे अन् आपण दोघं भांडायचो. वैद्य म्हणायचा, शेठना बोलू देऊ नका. मी म्हणायचो, त्याला गप्प ठेवलं तर आजच जाईल.

शेवटच्या दिवशी तू विचारलंस, "मडक्याला कुणी हात लावला का?"

"केरबा म्हणून राह्यला होता, नदीत सोडू. मी म्हणालो, आधी मला सोड."

तू हसलास, खोकलास. मंग म्हणालास, "हरलास तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करशील?"

"हरणार न्हाई."

"मी ते विचारलं न्हाई, खंड्या."

मला राग आला. तू असाच. माणसाला भिंतीपर्यंत नेतोस अन् मंग भिंत बी सरकवतोस. मी उठलो. बैलांना पाणी पाजायचंय म्हणालो. दारातून वळून बघितलं तर तू डोळे मिटून पडला होतास अन् तोंडावर ते हसू होतं, पेढीवर शब्द पकडला होतास तेव्हाचं. बैलांना पाणी केव्हाच पाजून झालं होतं.

तू गेलास. मसणात तुझ्या लेकाच्या खांद्यावरचं मडकं फुटलं, तेव्हा मी तिथं उभा होतो. माझ्या डोक्यात तेव्हा एकच आलं, की आता दुसरं राहिलं.

केरबा अन् आमची भावकी बाराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी घरी आली. केरबा म्हणाला, "शेठ गेला. खेळ त्याचा होता, त्याच्यासंगं संपला. आता कोण विचारून राह्यलंय?" खरं होतं. कुणी विचारत नव्हतं. पाटील नजर चुकवत होता. लखू तर मला रस्त्यात बघून बाजूला व्हायचा, जसं काही त्यानंच गुन्हा केला. मी नुसता 'न्हाई' म्हणालो असतो तर ते मडकं अजून बी कोनाड्यात असतं.

मी म्हणालो, "खांदमळणीला फोडू."

खांदमळणी म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. बैलांचे खांदे हळद अन् तुपानं चोळायचे, उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण द्यायचं. सांज व्हायच्या आत सगळा गाव पारावर जमला. मी मडकं कोनाड्यातून काढलं. हलवलं तर आवाज चमत्कारिक आला. घोंगडी अंथरली, तुझी जागा मोकळी ठेवली अन् फोडलं.

बन्सी, तू असतास तर पोट धरून हसला असतास. किंवा रडला असतास. ज्वारीला किडा लागला होता. वर्षभर मडक्यात राहून दाणे आतून पोखरलेले, काही नुसती टरफलं, काहीचं पीठ. हात लावला की भुगा. दोनचार काळे किडे घोंगडीवर चालायला लागले. सरकी मात्र होती तशी, तिला कुणी तोंड लावलं नव्हतं.

आम्ही सगळे कुणबी. ज्वारी ठेवायची तर कडुलिंबाचा पाला टाकावा लागतो, राख लावावी लागते, हे इथं दात न आलेल्या लेकराला ठाऊक. पण ते मत होतं ना. मताला कोण पाला घालतं? गावातल्या एकाच्याही डोक्यात आलं न्हाई. तुझ्या तर येणारच नव्हतं, तू दुकानदार. पेढीवर मी उंदरांचं बोललो होतो ते कुणाला तरी आठवलं अन् मागं हसू फुटलं.

केरबा मात्र उभा राह्यला. "बास. हे मत रद्द. आमचे दाणे किड्यानं खाल्ले. मोजणार काय, पीठ? पुढल्या साली बघू." आमची सगळी भावकी उठली. पाटलाला तेच पाहिजे होतं. तो म्हणाला, "बराबर हाय. देवाचीच मर्जी न्हाई."

लोक माझ्याकडं बघायला लागले. तुझ्या रिकाम्या जागेकडं बी बघितलं मी. तिथून काही येणार नव्हतं.

मी खाली बसलो. भुगा अन् टरफलं एका बाजूला सारली. सरकी दुसऱ्या बाजूला ओढली. गावात उंबरे किती हे प्रत्येकाला ठाऊक हाय. सरकीचा तो ढीग निम्म्या गावापेक्षा जास्त होता हे दिसायला मोजायची गरज नव्हती, आंधळ्यानं चाचपून सांगितलं असतं. केरबालाही दिसत होतं. म्हणूनच तो जल्दी करून राह्यला होता.

मी म्हणालो, "केरबा, किड्यानं ज्वारी खाल्ली हे खरं. पण किड्यानं सरकी पैदा केली न्हाई."

मी परत म्हणालो, "आपण हरलो." 'आपण' म्हणालो, कारण एकट्यानं हरायची मला सवय न्हाई.

केरबा तिथून जो गेला तो अजून माझ्या दारात आलेला न्हाई. येईल. न्हाई आला तर मी जाईन, पण मान मागायला न्हाई, भांडायला.

घरी आलो तर कारभारणीनं काही विचारलं न्हाई. ती बैलांच्या खांद्याला हळद चोळत होती. एवढंच म्हणाली, "वर्षभर जड गेलं मला, पोटात ठेवायला." मी म्हणालो, "विहिरीवरचं सांगायचं की कुणीतरी मला." ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही हरायच्या आधीच भांडून मोकळे झाले असता."

आता तुझा सवाल. हरलास तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करशील.

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसलो, लाल पटका बांधला. खुंटीवरून घागरमाळ काढली, चिंचेनं घासली, पितळ उजळेस्तोवर घासली. ती खांद्यावर टाकून मी घरातून निघालो. मागच्या गल्लीनं न्हाई. वेशीतून, पारावरून, केरबाच्या दारासमोरून, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत मांगवाड्यात गेलो. घुंगरं चालताना वाजत होती अन् लोक दारात येऊन उभे राहत होते. मारुती त्याच्या ओट्यावर बसला होता. तो उठला अन् माझ्या मागं चालायला लागला.

लखू अंगणात दोर वळत बसला होता. मला बघून हातातला दोर टाकून उभा राह्यला.

"मालक, नको," तो म्हणाला. "मला ह्याच गावात राहायचं हाय."

"मला बी ह्याच गावात राहायचं हाय," मी म्हणालो. "मत पडलं. बैल सोड."

"मालक, लोक काय म्हणतील?"

"लोकांनीच म्हणलंय. सरकी टाकून म्हणलंय. आता तू न्हाई म्हणालास तर मी तुला सोडणार न्हाई, लखू. मी लई हट्टी माणूस हाय, बन्सी शेठला विचार."

त्यानं बैल सोडला. पांढरा, उंचीला बेताचा, पण डोळा चांगला. मी घागरमाळ त्याच्या गळ्यात माझ्या हातानं बांधली. पट्टा माझ्या बैलाच्या मापाचा, ह्याच्या मानेला ढिला पडला. मी मारुतीला म्हणालो, "सुरी दे." फौजेतल्या माणसाच्या कमरेला सुरी असतेच. त्यानं दिली. मी पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं, कडी घट्ट बसवली अन् माळ हलवून बघितली. बराबर बसली होती.

मंग मी लखूला विचारलं, "रांगेच्या शेवटी कुठं उभं राहायचं असतं ते दाखव. मला ती जागा ठाऊक न्हाई." अन् घरी जाऊन माझी जोडी सोडली.